सायकल ट्रॅकचं जाळं: नकाशावर सलग, रस्त्यावर तुटक

नकाशेवेडा (धागाकर्ता)

कुठल्याही शहराचा सायकलविषयक अहवाल उघडा, पहिला आकडा किलोमीटरचा असतो. इतके झाले, इतके मंजूर, इतके प्रस्तावित. सोबत एक नकाशा, त्यात सगळ्या रेषा एकाच जाडीच्या आणि एकाच हिरव्या रंगाच्या. तो नकाशा बघून सायकल बाहेर काढली की खरा प्रकार कळतो. चांगला वेगळा, कठडा घालून केलेला ट्रॅक चौकाच्या थोडा अलीकडे संपतो. चौक ज्याचा त्याने पार करायचा. पलीकडे ट्रॅक पुन्हा सुरू होतो, पण रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला. किलोमीटरच्या हिशेबात हा मधला शंभर-दीडशे मीटरचा तुकडा कुठेच दिसत नाही. घरातलं दहा वर्षांचं पोर सायकलवर शाळेत पाठवायचं की नाही, हे मात्र त्या तुकड्यावरच ठरतं.

या विषयावरचं मला सगळ्यात पटलेलं काम २०१२ चं आहे. मेकुरिया, फर्थ आणि निक्सन यांनी कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहराचा रस्ता न् रस्ता घेऊन त्याला ताणाची पातळी दिली, १ ते ४. पातळी १ वर मूलसुद्धा निर्धास्त चालवेल, २ वर बहुतेक मोठी माणसं चालवतील, ४ वर फक्त निर्ढावलेले. यात दोन नियम महत्त्वाचे. एक, मार्गाची पातळी सरासरीने काढायची नाही. मार्गातला सगळ्यात वाईट तुकडा जितका वाईट तितका अख्खा मार्ग वाईट. दोन, शांत मार्ग सरळ मार्गापेक्षा २५ टक्क्यांहून जास्त लांब पडत असेल तर तो मार्ग नाहीच असं धरायचं, कारण एवढा वळसा रोज कोणी घालत नाही. या चाळणीतून शहर पाहिलं तर शांत गल्ल्यांची बेटं दिसली आणि त्यांच्यामध्ये मोठे रस्ते. शहरभर निवडक ठिकाणी सुधारणा केल्या तर पातळी २ वर पूर्ण होऊ शकणाऱ्या फेऱ्यांचं प्रमाण जवळजवळ तिप्पट होईल, असा त्यांचा निष्कर्ष होता.

आम्ही काही जण आमच्या शहराच्या जाळ्यातल्या अशा तुटक जागांची यादी करायला बसलो आहोत, ओपनस्ट्रीटमॅप (लोकांनीच मिळून बनवलेला खुला नकाशा, यापुढे ओएसएम) पायाला धरून. अडचण अशी की ओएसएममध्ये जे जमिनीवर आहे ते नोंदवता येतं. जे नाही ते कसं नोंदवायचं? यावर काम केलेलं कोणी आहे का इथे?

उनाडभटक्या

विषय भारी. वाचतोय.

बिंदूरेषा

यादीच्या आधी एक काम करा, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात जाईल. नकाशातली गॅप आणि रस्त्यावरची गॅप वेगळ्या करा.

ओएसएममध्ये दोन रेषा पडद्यावर एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या तरी त्यांच्यात एक नोड (रेषेवरचा बिंदू) सामाईक नसेल तर राउटिंगच्या, म्हणजे मार्ग शोधून देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, दृष्टीने त्या जोडलेल्याच नाहीत. झूम करून बघितलं तर मध्ये अर्धा मीटर मोकळा असतो. उलटही होतं: उड्डाणपुलावरचा ट्रॅक आणि खालचा रस्ता यांना कोणीतरी उत्साहाने एकच नोड देतो आणि सॉफ्टवेअर सायकलस्वाराला पुलावरून थेट खाली उतरवतं. तेव्हा फक्त सायकलच्या रेषा वेगळ्या काढून किती सुटे तुकडे पडतात ते मोजलं की आकडा मोठा येतो, पण त्यातले कितीतरी तुकडे संपादनातल्या ढिलाईचे असतात. ते ओएसएममध्ये दुरुस्त करून टाका. त्यानंतर जे उरेल ते बाहेर जाऊन बघायचं.

दुसरा घोळ म्हणजे एकच ट्रॅक दोन प्रकारे नोंदवता येतो. मुख्य रस्त्याच्या रेषेवरच ‘सायकलवे=ट्रॅक’ असा टॅग (माहितीची चिठ्ठी) लावायचा, किंवा ट्रॅकची स्वतंत्र रेषा काढून तिला ‘हायवे=सायकलवे’ द्यायचं. दोन्ही चालतं. पण एका चौकापर्यंत पहिली पद्धत आणि पुढे दुसरी असेल, तर जिथे पद्धत बदलते तिथे छोटी जोडरेषा लागते. ती नसली की तिथे गॅप दिसते जी प्रत्यक्षात नाही.

आणि याच गोष्टीमुळे किलोमीटरचे आकडेही फसवे होतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ट्रॅक असेल आणि दोन स्वतंत्र रेषा काढल्या, तर एक किलोमीटर रस्त्याचे दोन किलोमीटर ट्रॅक होतात. मध्यरेषेवर टॅग लावला तर एकच. दोन शहरांची तुलना करताना हे बघितल्याशिवाय आकड्यांना काही अर्थ नाही.

नकाशेवेडा

हे फार कामाचं. म्हणजे पहिली फेरी घरबसल्या. तुमच्याकडे याची काही ठरलेली पद्धत आहे का, की डोळ्यांनीच?

बिंदूरेषा

दोन्ही. ओएसएमएनएक्स नावाची पायथन लायब्ररी आहे, जेफ बोईंग यांची. ती ओएसएममधून रस्त्यांचं जाळं आलेखाच्या, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या कडांच्या, रूपात काढून देते. त्यातून सायकलच्या कडा गाळून सुटे तुकडे मोजा, आणि ज्यांची टोकं एकमेकांपासून दहा मीटरच्या आत आहेत अशा जोड्यांची यादी काढा. ती यादी संशयितांची. निकाल हवाई छायाचित्र बघूनच द्यायचा. पालिकेची स्वतःची माहिती मिळाली तर बाइकडीएनए हे साधन बघा, ओएसएम आणि सरकारी माहिती शेजारी ठेवून कुठे काय जुळत नाही ते दाखवतं. बऱ्याचदा दोन्ही अपुऱ्या असतात, फक्त वेगवेगळ्या ठिकाणी.

ऊनसावली

तांत्रिक बाजू मला कळत नाही, पण मूळ धाग्यातलं शाळेचं वाक्य वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय.

मी स्वतः गर्दीच्या रस्त्यावर सायकल चालवू शकते. मुलगी सोबत असली की तोच रस्ता चालवू शकत नाही. तुमची यादी कोण करणार? सराईत सायकलवाले. त्यांना चौकातली ती शंभर मीटर गॅप वाटतच नाही. ते हात दाखवून मध्ये घुसतात आणि पार होतात. त्यामुळे यादी करणाऱ्यांत आमच्यासारखे लोक हवेत, नाहीतर निम्म्या जागा नोंदल्याच जाणार नाहीत.

नकाशेवेडा

ऊनसावली, अगदी खरं. पोर्टलंडच्या रॉजर गेलर यांनी २००६ मध्ये लोकांचे चार गट मांडले होते: निधडे एक टक्क्याच्याही आत, उत्साही आणि आत्मविश्वास असलेले सुमारे ७ टक्के, इच्छा आहे पण धास्ती वाटते असे ६० टक्के, आणि काही केल्या सायकल न चालवणारे ३३ टक्के. ते त्यांच्या अनुभवातून केलेले ढोबळ अंदाज होते, पण मधला मोठा गट नंतर इतर ठिकाणीही दिसला. यादी त्या ६० टक्क्यांच्या नजरेने व्हायला हवी. तुम्ही फेरीला याल का?

ऊनसावली

मुलीला घेऊन येईन. ती जिथे उतरून सायकल हातात धरेल ती गॅप.

बिंदूरेषा

हा निकष मला माझ्या सगळ्या स्क्रिप्टपेक्षा आवडला.

तिरकी_चाल

रंगाचा बेरंग करतो, माफ करा.

गॅप म्हणजे दोन असलेल्या गोष्टींच्या मधली मोकळी जागा. म्हणजे जिथे आधीच ट्रॅक आहेत तिथेच गॅप सापडणार. शहराच्या ज्या भागात एकही ट्रॅक नाही तिथे तुमच्या पद्धतीने शून्य गॅप निघतील. कागदावर तो भाग निर्दोष! मग यादी पालिकेकडे जाईल, पैसे पुन्हा त्याच भागात जातील जिथे आधी गेले होते, आणि बाकीचे लोक जड वाहनांच्या बाजूने जीव मुठीत धरून सायकल हाणत राहतील. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांकडे दुसरं वाहनच नाही, म्हणून ते सायकलवर आहेत.

स्ट्राव्हाचा हीटमॅप (व्यायामाच्या ॲपवर नोंदवलेल्या फेऱ्यांचा नकाशा, जास्त फेऱ्या तिथे जास्त उजळ) कोणी सुचवायच्या आत सांगतो, तोही याच दोषाचा आहे. ज्यांच्याकडे ॲप आहे आणि जे व्यायाम म्हणून फेऱ्या नोंदवतात त्यांचे रस्ते त्यात उजळतात. कामावर साध्या सायकलने जाणारा त्यात नसतो. आणि ज्या पुलावर भीतीने कोणी जातच नाही तो पूल त्यात काळोखा दिसतो. तो काळोख बघून ‘मागणी नाही’ असं म्हणणारे मी ऐकले आहेत.

उनाडभटक्या

तिरकी_चाल यांना +१. हीटमॅपबद्दल हे डोक्यातच आलं नव्हतं.

स्थापत्यकार

मी रस्त्यांच्या आराखड्यांवर काम करतो, म्हणून या गॅप पडतात कशा ते सांगतो. कोणी मुद्दाम ट्रॅक तोडत नाही.

निविदा रस्त्याची निघते, मार्गाची नाही. ‘अमुक चौक ते तमुक चौक’ अशी हद्द असते आणि ठेकेदार हद्दीवर थांबतो. चौक सिग्नल बघणाऱ्या विभागाकडे. पूल वेगळ्या यंत्रणेचा. रेल्वेखालचा बोगदा आणखी तिसऱ्याचा. शहराची हद्द संपून शेजारची सुरू होते तिथे तर दोन्हीकडचे नकाशे एकमेकांकडे पाठ करून बसलेले. त्यामुळे गॅप कुठे सापडतील हे मी न बघताही बऱ्यापैकी सांगू शकतो: चौक, पूल, बोगदा, हद्द. शिवाय जिथे रस्ता अरुंद होतो तिथे सगळ्यात आधी सायकलची जागा काढतात, म्हणजे जिथे ट्रॅकची गरज जास्त तिथेच तो नाही.

चौकाचं दुखणं तर नामांकित शहरांनाही आहे. कोपनहेगनच्या जाळ्यातल्या गॅप संगणकाने शोधण्याचा एक अभ्यास झाला, व्हिबोर्नोव्हा आणि सहकाऱ्यांचा. त्यांनी ट्रॅकच्या दोन टोकांमधला असुरक्षित रस्त्यावरचा सगळ्यात जवळचा मार्ग काढला, त्याची लांबी आणि त्यावरून जाऊ शकणारी सायकल वाहतूक यांचा मेळ घालून क्रम लावला, आणि मग प्रत्येक जागा माणसांनी तपासली. वरच्या क्रमाच्या १०५ गॅप निघाल्या. त्यात वळणाच्या मार्गिकांचा एक वेगळाच वर्ग आहे: तिकडे वाहनं उजवीकडून चालतात, आणि चौकाआधी उजवीकडे वळणाऱ्या गाड्यांना जागा द्यायला ट्रॅक संपवून सायकली त्यांच्यातच मिसळतात. इतक्या वर्षांचा अनुभव असलेल्या शहरात हे, तर बाकीच्यांचं काय बोलायचं.

मोठी गॅप बुजवली की काय होतं याचं उदाहरणही तिथलंच. बंदराजवळ ब्रुग्गेब्रोन नावाचा पादचारी-सायकल पूल २००६ मध्ये झाला, पण त्याच्या एका टोकाला सायकल जिन्यावरून न्यावी लागे. २०१४ मध्ये सुकेल्स्लांगन हा उंचावरचा वळणदार सायकलमार्ग बांधून ते टोक वरच्या रस्त्याला जोडलं. लांबी सव्वादोनशे मीटरच्या आसपास. किलोमीटरच्या तक्त्यात ती लांबी अर्धी ओळसुद्धा अडवत नाही.

तीनचाकी

जिना म्हटल्यावर माझा विषय आला. मी तीनचाकी सायकल चालवतो, गुडघ्यांमुळे. माझ्यासाठी ट्रॅकच्या तोंडाशी रोवलेले खांब हीच गॅप. मोटारसायकली आत येऊ नयेत म्हणून दोन खांब इतके जवळ लावतात की मोटारसायकल तिरकी होऊन जाते आणि मी अडकतो. ब्रिटनच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत खांबांमध्ये निदान दीड मीटर मोकळं अंतर आणि आराखड्यासाठी २.८ मीटर लांब, १.२ मीटर रुंद सायकल गृहीत धरायला सांगितलं आहे. मालवाहू सायकल, मुलांची जोडगाडी, हाताने चालवायची सायकल, सगळं त्यात बसतं.

नकाशात खांब बहुधा असतो, ‘बॅरियर=बोलार्ड’ म्हणून. मधलं अंतर कोणी मोजत नाही. त्यासाठी ‘मॅक्सविड्थ:फिजिकल’ हा टॅग आहे. टेप घेऊन जा. तसंच ट्रॅकवरून उतरताना पायरी आहे की उतार, तो ‘कर्ब’ टॅग. पाच सेंटिमीटरची पायरी दोन चाकांना धक्का देते, तीन चाकांना कलंडवते.

नकाशेवेडा

तीनचाकी, धन्यवाद. म्हणजे एकच जागा एकासाठी सलग आणि दुसऱ्यासाठी तुटलेली. यादीत ‘कोणासाठी’ हा रकाना लागणारच.

तिरकी_चाल, तुमच्या मुद्द्यावर मला सोपं उत्तर नाही. एक वाटतं, गॅपची यादी हा पहिला टप्पा म्हणून चालेल, कारण छोटं काम पटकन होतं आणि त्याचा परिणाम दिसतो. तो दिसला की मोठं मागायला बळ येतं.

तिरकी_चाल

हेच ऐकत आलोय. पहिला टप्पा होतो, दुसरा कधी येत नाही.

स्पेनमधल्या सेव्हियाने २००६ पासून काय केलं ते बघा. तुकडे जोडत बसले नाहीत. मूळ जाळंच सलग आखलं, पार्किंगच्या जागा काढल्या आणि पहिले ऐंशी किलोमीटर जवळजवळ एकदम उभे केले. अर्ध्या टक्क्याच्या आसपास असलेलं सायकलचं प्रमाण काही वर्षांत सहा टक्क्यांच्या घरात गेलं.

स्थापत्यकार

सेव्हियाचं उदाहरण तुमच्या बाजूचं आहे तसंच धागाकर्त्यांच्याही बाजूचं आहे. ते चाललं ते सलग होतं म्हणून. नेदरलँड्सची जी आराखड्याची पुस्तिका सगळे प्रमाण मानतात, क्रो संस्थेची, तिच्यात सायकलजाळ्याच्या पाच कसोट्या आहेत: सलगता, सरळपणा, सुरक्षितता, आराम, आकर्षकता. सलगता पहिली आहे ते उगाच नाही. पण सलगतेचा अर्थ तिथे तुमच्यासारखाच रुंद घेतात: घरातून निघालेल्या माणसाला जवळपासच जाळं सापडलं पाहिजे. त्या अर्थाने बिनट्रॅकची वस्ती हीसुद्धा गॅपच.

बिंदूरेषा

मग ती मोजताही येईल. शहरावर चौकटी टाका. प्रत्येक चौकटीतून पातळी १-२ च्या रस्त्यांनी, २५ टक्के वळशाच्या आत, किती शाळा, दवाखाने, बाजार, स्टेशनं गाठता येतात ते काढा. शून्य आलं ती चौकट लाल. यात ट्रॅक असण्या-नसण्याचा प्रश्नच येत नाही. शांत गल्लीसुद्धा मोजली जाते. तिरकी_चाल यांचे भाग यात आपोआप वर येतील.

फक्त पातळी ठरवायला वेगमर्यादा, मार्गिकांची संख्या, ट्रॅकची रुंदी हे टॅग लागतात आणि ते बहुतेक रस्त्यांवर भरलेले नसतात. अँड्रॉइडवर स्ट्रीटकम्प्लीट ॲप आहे, रस्त्यात उभं राहून साध्या प्रश्नांची उत्तरं द्यायची, टॅग आपोआप जातात. ट्रॅक कुठल्या बाजूला, पृष्ठभाग कसा, दिवे आहेत का, सगळं विचारतं. संपादन न येणाऱ्यांनीही हे करावं.

उनाडभटक्या

एक बाळबोध प्रश्न. सायकलचे तयार नकाशे आहेत की, ओपनसायकलमॅप वगैरे. त्यावर मार्ग सलगच दिसतात.

बिंदूरेषा

ओपनसायकलमॅप ठळकपणे दाखवतो ते खुणांकित मार्ग: राष्ट्रीय लाल, प्रादेशिक जांभळे, स्थानिक निळे. मार्ग म्हणजे रिलेशन, अनेक रेषांची मिळून एक नोंद. ‘इथून तिथे असे जा’ एवढंच ते सांगतं. त्यातले चार किलोमीटर ट्रॅकवरून आणि एक किलोमीटर ट्रकच्या रस्त्यावरून असेल तरी निळी रेषा सलग दिसणार. सायक्लओएसएम नावाचा दुसरा नकाशा आहे, तो ट्रॅक, लेन, पृष्ठभाग वेगवेगळे दाखवतो. दोन्ही शेजारी उघडून निळ्या रेषेखालचा रस्ता बघा. पाच मिनिटांत दहा जागा सापडतील.

नकाशेवेडा

आता माझा मूळ प्रश्न. नोंद कुठे करायची? आमच्यातल्या एकाचं म्हणणं, गॅपच्या जागी ‘प्रपोज्ड’ म्हणून ट्रॅकची रेषाच काढून ठेवू.

बिंदूरेषा

तसं करू नका. जे मंजूरही नाही ते ओएसएममध्ये टाकलं की कोणीतरी ते काढून टाकेल, आणि तेच बरोबर आहे. ओएसएमच्या ‘नोट्स’ सुद्धा यासाठी नाहीत. त्या नकाशातली चूक कळवायला आहेत.

ओएसएममध्ये गॅपच्या दोन्ही बाजू अचूक करा: ट्रॅक नेमका कुठे संपतो, तिथून सायकलने पुढे जाणं कायद्याने चालतं का, एकेरी रस्त्यावर सायकलला उलट जाऊ देतात का (‘वनवे:बायसिकल=नो’), उतरून चालायची पाटी आहे का (‘बायसिकल=डिसमाउंट’). बाजू अचूक असल्या की मधली गॅप कोणालाही गणिताने काढता येते. आणि तुमचं मत, अग्रक्रम, फोटो हे वेगळ्या थरात. यूमॅपवर ओएसएमच्या पायावर स्वतःचा थर करता येतो, फुकट आहे.

दिशा विसरू नका. जाताना सलग आणि येताना तुटक असे मार्ग पुष्कळ असतात, कारण ट्रॅक एकाच बाजूला असतो. एका गॅपच्या दोन नोंदी होऊ शकतात.

ऊनसावली

वेळही. आमच्याकडचा सगळ्यात छान मार्ग बागेतून जातो आणि संध्याकाळी फाटक बंद. सकाळी गॅप नाही, परतताना आहे.

बिंदूरेषा

फाटकावर ‘ओपनिंग_अवर्स’ लावा. सगळीच राउटिंग साधनं ते वाचत नाहीत, म्हणून वेगळ्या थरातही लिहून ठेवा.

स्थापत्यकार

यादी पालिकेला देणार असाल तर एक रकाना माझ्याकडून: ‘ही जागा कोणाच्या ताब्यात’. हा नसला तर कागद टेबलावरून टेबलावर फिरतो. दोन यंत्रणांच्या हद्दीवर असेल तर दोघांची नावं लिहा आणि दोघांनाही एकच पत्र द्या, प्रती एकमेकांच्या उल्लेखासह. आणि कामाचे प्रकार करा: फक्त रंग आणि पाटी, कठडा तोडून उतार, सिग्नलमध्ये बदल, बांधकाम. पहिल्या दोन प्रकारांना नवी निविदा लागेलच असं नाही, चालू देखभालीत बसतात. मला विचाराल तर यादी लांबीने लावूच नका, या प्रकाराने लावा.

तीनचाकी

खांब काढणे हा पाचवा प्रकार. त्याला फक्त पाना लागतो.

स्थापत्यकार

पाना आणि सही :)

उनाडभटक्या

नोंदी करताना नेहमीचे व्यावसायिक नकाशे समोर ठेवून ट्रॅक गिरवले तर चालतील ना? त्यांचे फोटो ताजे असतात.

बिंदूरेषा

अजिबात नाही. त्यांच्या अटी ते करू देत नाहीत. ओएसएमची माहिती ओडीबीएल परवान्याखाली सगळ्यांना खुली आहे, त्यात कोणाची बंद माहिती मिसळली की सगळी संपादनं मागे घ्यावी लागतात. ज्यांच्या वापराला ओएसएमला परवानगी आहे अशीच हवाई छायाचित्रं संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून दिलेली असतात, तेवढीच वापरा. पालिकेचा पीडीएफही लेखी परवानगीशिवाय नाही. स्वतः काढलेले फोटो सगळ्यात बरे. मॅपिलरीवर (रस्त्यांचे फोटो सगळ्यांसाठी ठेवायची साइट) चढवले तर इतरांनाही दिसतील.

नकाशेवेडा

ठीक. रकाने असे धरतोय: जागा, दिशा, कोणासाठी तुटक, कोणत्या वेळी, ताबा कोणाचा, कामाचा प्रकार, फोटो. अग्रक्रम सगळे मिळून नंतर ठरवू. बिनट्रॅकच्या भागांचा थर वेगळा, पण पालिकेकडे दोन्ही एकाच पत्रासोबत जातील. एक पुढे आणि एक मागे असं करणार नाही. तिरकी_चाल, एवढं चालेल?

तिरकी_चाल

पत्रात कुठला थर आधी येतो ते बघून सांगेन. पण तो दुसरा थर मी करायला घेतो. चौकटीत माणसं किती राहतात हे कुठून घ्यायचं? रिकाम्या माळावरची लाल चौकट दाखवून उपयोग नाही.

बिंदूरेषा

वर्ल्डपॉपची लोकसंख्येची जाळी आहे, साधारण १०० मीटरच्या चौकटींची, खुल्या परवान्याची. ते अंदाज असतात, त्यामुळे दोनचार ओळखीच्या वस्त्यांवर आधी पडताळून बघा, विशेषतः दाट वस्त्यांत. चौकटी २५० मीटरच्या घ्या, त्याहून लहान घेतल्या तर नुसता गोंगाट दिसेल. स्क्रिप्ट आज रात्री इथेच चढवते.